वरचा माणूस

मीटिंगच्या टेबलावर ठेवलेल्या फोनमधून माझे वडील 'हं' म्हणाले. एवढंच झालं. भिंतीवर आमच्या प्लॅटफॉर्मचा पहिला कच्चा नमुना दिसत होता, टेबलावर कॉफीचे कप होते, प्रोग्रॅमरनं फोनकडे तोंड करून "झाकण काढलंय, आता नट सैल करतो" असं काहीतरी लटकंच म्हटलं आणि फोन म्हणाला, 'हं'. नाकातून, दमानं, शेवटाला किंचित वर जाणारा. असा हुंकार जगात एकाच माणसाचा आहे आणि तो माणूस त्या घडीला घरी खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या हातून पेन पडलं. ते उचलायला मी टेबलाखाली वाकले आणि सगळ्यांच्या बुटांच्या संगतीत गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ राहिले. वर हशा चालला होता. "हे झकास आहे," साहेब म्हणत होते, "वर खरंच कोणीतरी बसलंय असं वाटतं. हाच आवाज ठेवा." साहेबांना आम्ही पाठीमागे 'उद्या' म्हणतो, कारण त्यांना सगळं उद्याच हवं असतं. ही एक गोष्ट मात्र त्यांना आजच मिळाली होती, म्हणून स्वारी खुशीत होती. मी टेबलाखालून वर आले तेव्हा प्रोग्रॅमर माझ्याकडे बघून दात काढत होता. "तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये सापडला, ताई. तुम्ही स्क्रीनवरची वाक्यं घरी वाचून पाठवलीत ना, त्यात मागे कोणीतरी सारखं हं म्हणतंय. एक कापून घेतला. कोण आहे?" "टीव्ही," मी म्हणाले. खोटं बोलायला मला सहसा वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

आमच्या प्लॅटफॉर्मचं नाव 'सोबत'. नाव उद्यानंच ठेवलेलं. प्लॅटफॉर्म अजून बाळसं धरायचा होता. जुन्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळणारी एक कंपनी हे आमचं पहिलं आणि एकुलतं गिऱ्हाईक. कुठली लिफ्ट अडली, कोण निघाला, कोण पोचला, कोणाचं काय राहिलं, हे सगळं आजवर त्या कंपनीतल्या एका बाईंच्या डोक्यात होतं, ते आम्ही पडद्यावर आणणार होतो. माझं काम चौकोन आखण्याचं. माणसाचा अख्खा दिवस तळहाताएवढ्या जागेत बसवायचा आणि त्याचा अंगठा कुठवर पोचतो ते बघायचं, हा माझा धंदा. चौकोनात न मावणारं काही उरलंच तर ते तसं महत्त्वाचं नव्हतं असं म्हणायचं, हाही धंद्याचाच भाग. या कामात न मावणारी गोष्ट एकच निघाली: लिफ्टच्या कामावर माणसं जोडीनं जातात. एक गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, मोटर आणि मेन स्विचपाशी. दुसरा शाफ्टमध्ये, लिफ्टच्या छपरावर उभा. आपापसांत ते वरचा आणि खालचा म्हणतात. वरच्याला करायला फारसं काही नसतं. तो ऐकतो. मशीन रूमच्या जमिनीला दोर खाली जाण्यासाठी भोकं असतात, त्यांतून खालच्याचा आवाज वर येतो. खालच्यानं सारखं बोलत राहायचं, काहीही, आणि वरच्यानं हं म्हणायचं. बोलणं थांबलं की वरच्यानं मेन स्विच ओढायचा, कारण वीज असली तर लिफ्ट हलू शकते आणि गप्प झालेला माणूस बाजूला सरकू शकत नाही. हा नियम कोणी बसून केलेला नाही, तो तोंडातोंडी चालत आलाय. कंपनीला आमच्या पडद्यावर हा दुसरा माणूस नुसता उभा राहून हं म्हणताना दिसला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. एका कामाला एक माणूस, अशी तिनं अट घातली. वरच्याची जागा खालच्याच्या छातीला अडकवलेला फोन घेणार होता. बोलण्याचा आवाज आला की फोननं हं म्हणायचं, काहीच आला नाही तर ऑफिसात घंटा वाजवायची. बघायला गेलं तर यात खोट काढायला जागा नव्हती. तो हं कोणाचा असेल, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

बाबा वरचे होते. अख्खी नोकरी वरचे. त्यांचा खालचा म्हणजे उंटकाका. उंच, पाठीला पोक, मान पुढं काढून चालणारे. उंटकाका बोलायला लागले की समोरच्यानं कामधाम विसरावं, आणि बाबांना तर मुळात बोलायचाच कंटाळा. आई सांगते, मला बघायला आले तेव्हा ह्यांनी एक हं म्हटलं, माझ्या वडिलांनी तो होकार धरला, पुढं मी कधी खोलात गेले नाही. दोघांची जोडी जमली ती अशी, की एकाला बोलायला भोक हवं होतं आणि दुसऱ्याला गप्प बसायला निमित्त. शाळेला सुट्टी असली की बाबा मला कधीमधी कामावर नेत. मशीन रूममध्ये ग्रीसचा वास असायचा, तापलेल्या लोखंडाची ऊब असायची, आणि जमिनीतून उंटकाकांचा आवाज यायचा. शाफ्टमधून वर येता येता तो जाड व्हायचा, माणसाचा न राहता इमारतीचाच होऊन जायचा. सगळ्याच इमारतींच्या पोटात असं कोणीतरी बोलत असतं, अशी माझी समजूत होती. त्यांच्या गोष्टी बहुतेक त्यांच्या साडूच्या. साडू म्हणजे चालतीबोलती फजिती. त्यानं हात लावला की सोन्याची माती व्हायची. ऐन रंगात आणून उंटकाका थांबायचे, बाबा 'हं?' करायचे, मग खालून शेवट यायचा आणि मागोमाग त्यांचंच हसू. मी बाबांच्या तोंडाकडे बघत बसायचे. ते हसत नसत, पण चेहरा असा सैल, निवांत व्हायचा, की घरी तो तसा मी कधी पाहिला नाही. त्याचा मला थोडा रागही यायचा.

उंटकाका गेले ते शाफ्टमध्येच, लिफ्टच्या छपरावर उभ्या उभ्या. हृदय बंद पडलं. साडूनं जुना फ्रिज घेतला, त्याची गोष्ट चालली होती म्हणे. लिफ्टची लाइट गेली म्हणून चौकीदार विचारायला गच्चीवर गेला, तर बाबा भोकापाशी गुडघे टेकून हं म्हणत होते आणि खाली कोणी बोलत नव्हतं. यांच्या लक्षातच आलं नाही, सवयीनं हं म्हणत राहिले, असं आधी चौकीदारानं सांगितलं, मग कंपनीनं, मग चार लोकांनी, आणि शेवटी आईनंही. लवकर बाहेर काढलं असतं तर वाचले असते का, यावर डॉक्टर नीट काही बोलले नाहीत. तेव्हापासून बाबा हं म्हणतात. कोणी बोलत असलं तरी म्हणतात, नसलं तरी म्हणतात. वर्तमानपत्र वाचताना, दाढी करताना, रिकाम्या खोलीत, थोड्या थोड्या वेळानं, कोणीतरी वाक्य संपवल्यासारखं. मी लहानपणी गणितं सोडवत बसलेली असताना मागून हं आला की वाटायचं, उत्तर बरोबर आलं. घर सरावलं. आई भाजी चिरता चिरता विचारते, "मी माहेरी निघून जाऊ?" हं. "कायमची?" हं. "तुमचा चष्मा घेऊन जाऊ?" मग मात्र बाबा मान वळवून बघतात. जे दुखतं त्याच्यावर विनोद करायचा आणि ताटं घ्यायची, अशी आमच्याकडची रीत आहे. वाईट रीत नाही ती, आमची इतकी वर्षं तिच्यावरच निघाली. पण भिंतीपलीकडून हं आला की माझ्या मानेवर अजून काटा येतो, कारण ते कोणाचं ऐकतायत ते मला कळत नाही. विचारायची छाती कोणाची झाली नाही. मीटिंगच्या दिवशी घरी आले, चपला काढल्या, खिडकीकडून हं आला, आणि मला वाटलं, सांगून टाकावं: बाबा, तुमचा आवाज आता एकटाच बाहेर फिरायला लागलाय. मी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

पहिली चाचणी एका जुन्या ऑफिस इमारतीत झाली, सकाळी. तिथं कंपनीचा एक मेकॅनिक आला होता, चाळिशीचा, अंगानं आडवा, कमरेच्या पट्ट्याला सतरा गोष्टी लोंबत असलेला. त्याच्या वरच्याला त्या दिवशी घरी बसवलं होतं. मी मशीन रूममध्ये थांबायचं, कशाला हात लावायचा नाही, ब्र काढायचा नाही, नुसतं बघायचं, असं ठरलं होतं. थोडक्यात, मी तिथं असून नसायचं होतं. "बायकोशी बोललो नसेन एवढं या भोकाशी बोललोय," मेकॅनिक खाली जाताना म्हणाला. "आता फोनशी बोला म्हणतात. बोलू की. आपल्याला काय, समोर कोणीतरी असल्याशी कारण." मग तो शाफ्टमध्ये उतरला आणि त्यानं फोन लिफ्टच्या छपरावर ठेवला, छातीला अडकवला की टोचतो म्हणून. दोरांच्या भोकांतून त्याचा आवाज यायला लागला. त्याच्या डोक्यावरच्या बिऱ्हाडातले लोक दिवसभर खाट सरकवतात, असं तो सांगत होता. हं, बाबा म्हणाले. आता एवढी एकच खाट आणि एवढीच खोली, सरकवून सरकवून सरकवणार कुठं? हं, बाबा म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी होते. आयुष्यभर बाबांचा आवाज वरून खाली गेला होता. आता तो खालून वर येत होता, उंटकाका उभे राहायचे तिथून. शाफ्टनं तोही जाड केला होता. डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं, दोघांनी जागा बदलल्यात.

खाटेची गोष्ट कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. मी बाबांचा आवाज ऐकत होते आणि तो थांबला नव्हता. हं. थोड्या वेळानं पुन्हा हं. मेकॅनिक हळू बोलत असेल, मला वाटलं. तोंड भिंतीकडे असेल. मी भोकापाशी गेले, वाकले, ऐकू येईना म्हणून गुडघे टेकले. खालून एक बारीक घरघर येत होती आणि तिच्या जोडीला, अगदी समजूतदारपणे, दमानं, हं. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, जरा सरकता? पाना इथं राहिला." मेकॅनिक दारात उभा होता. वरच्या मजल्याच्या दारातून तो केव्हाच बाहेर पडला होता. मी सरकायचं विसरले. तोही पाना घ्यायचा विसरला, आणि आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत राहिलो. खाली कोणी नव्हतं. हं, बाबा म्हणाले. "हा कोणाशी बोलतोय?" मेकॅनिकनं विचारलं. "पंख्याशी," मी म्हणाले, "छपरावरच्या पंख्याशी. फोन त्याच्या शेजारी ठेवलाय तुम्ही." त्यानं बराच वेळ फडक्याला हात पुसले. "आवाज चांगला आहे पण," तो म्हणाला. "भरवशाचा वाटतो. खाली मी तर विसरूनच गेलो होतो, की वर आज माझा माणूस नाही."

हे सगळं मी ऑफिसात सांगितलं. उद्यानं प्रोग्रॅमरला विचारलं, पंख्याचा आवाज वगळता येईल का, आणि प्रोग्रॅमर म्हणाला, येईल, पण पंखा वगळला की पंप येईल, पंप वगळला की आणखी काही. एकेक करत जाऊ. मग मी म्हटलं की तो आवाज टीव्हीचा नाही. माझ्या वडिलांचा आहे. आणि उंटकाकांचं सांगितलं, लोक सांगतात तसं: खालचा गप्प झाला, वरचा हं म्हणत राहिला. प्रोग्रॅमरनं लॅपटॉप मिटला. उद्या माणूस वाईट नाही, त्याला घाई आहे इतकंच. तो हळू आवाजात म्हणाला, "ऐकून वाईट वाटलं. पण मग एक सांगा. तिथं वर माणूसच होता ना? चांगला, अनुभवी, कानानं शाबूत. त्यालाही कळलं नाही. मग माणसाचा एवढा आग्रह कशाला? फोन निदान कधी ना कधी घंटा तरी वाजवेल." घरातली जी गोष्ट मी इतकी वर्षं पदराआड झाकून ठेवली होती, ती मीच बाहेर काढली आणि ती समोरच्याच्या उपयोगी पडली. "सोमवारी कंपनीची माणसं बघायला येतायत," उद्या म्हणाला. "सगळं ठीक झालं तर पुढच्या आठवड्यापासून सगळेच एकेकटे जाणार. आवाज त्यांना आवडलाय. वडिलांना विचारून घ्या. त्यांची हरकत असेल तर दुसरा कोणाचा तरी घालू, हं काय, कोणीही म्हणेल."

रविवारी दुपारी मी बाबांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढलं. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं: रेकॉर्डिंग, मीटिंग, मेकॅनिक, पंखा. बाबा हं म्हणत होते, आणि सगळे हं बरोबर जागी पडत होते. संपल्यावर म्हणाले, "ऐकव." मी फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "तुम्हाला बोलावं लागेल, बाबा. खालच्यासारखं. काहीही बोला." त्यांनी फोनकडे पाहिलं, मग बाहेर, मग स्वतःच्या हातांकडे. बोलायची त्यांना सवयच नाही. वाटलं, आता म्हणतील राहू दे. ते खाकरले आणि म्हणाले, "साडूनं जुना फ्रिज घेतला." हं, फोन म्हणाला. बाबा दचकले नाहीत. "फ्रिज लिफ्टमध्ये गेला, पण साडूला जागा उरली नाही." हं. "म्हणून त्यानं बटण दाबून फ्रिजला एकट्यालाच वर पाठवलं, आणि आपण जिन्यानं पळत सुटला." हं. त्यांचा आवाज मला ओळखू येत नव्हता. चढउतार होता त्यात, खोड्या होत्या, मान पुढं आली होती. "वर पोचतो, तर लिफ्ट रिकामी. मधल्या मजल्यावर कोणीतरी फ्रिज उतरवून घेतलेला. साडू एकेक दार ठोठावत खाली आला. एका घराचं दार उघडलं, आत बघतो तर आपला फ्रिज, तारसुद्धा लावलेली. आणि साडू त्या माणसाला म्हणतो..." बाबा थांबले. स्वयंपाकघरातला नळही थांबला होता. डोक्यावर पंखा फिरत होता. हं, फोन म्हणाला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. हं, तो पुन्हा म्हणाला.

"मी थांबलोय," बाबा म्हणाले. "याला कळलं नाही." मी म्हटलं, "नाही कळत त्याला, बाबा." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला कळलं होतं." मी स्टूल आणखी पुढं ओढलं. "गोष्टीत थांबायचा तेव्हा त्याचा श्वास ऐकू यायचा. मोठा श्वास होता त्याचा. तो आला नाही. लगेच कळलं मला." त्यांनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. "स्विच हाताशी होता. पण स्विच ओढला म्हणजे ते खरंच झालं. म्हणून हं म्हटलं. म्हटलं, करेल पुढं सुरू. मग आणखी एकदा म्हटलं. किती वेळा ते आठवत नाही. मग ओढला." चौकीदार लाइट गेली म्हणून वर गेला होता. लाइट कोणीतरी घालवली असणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. "मग खाली का गेला नाहीत?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली. बाबा म्हणाले, "खाली गेलो असतो तर वर कोणी उरलं नसतं. त्याला अजून ऐकू येत असेल तर?" मग म्हणाले, "सगळे म्हणाले सवयीनं म्हणत राहिले. मी म्हणू दिलं. सवयीला कोणी फार बोल लावत नाही. उशीर केला असं म्हणाले असते, तर त्याच्या बायकोला तोंड दाखवता आलं नसतं." इतकी वर्षं हा माणूस आमच्या विनोदांना हं म्हणत आला होता, आणि आम्ही त्याला बहिरा समजत होतो. आई दारात उभी होती. तिच्या हातातल्या पातेल्यातून पाणी ठिबकत होतं.

फोन पुन्हा हं म्हणाला. बाबांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "हे काढ. दुसऱ्या कोणाचाही घालू नका. त्या खालच्याला वाटेल, वर कोणी आहे." मी म्हटलं, "ऑफिसात म्हणतात, तेवढाच आधार." "नसलेला आधार कशाला द्यायचा?" बाबा म्हणाले. "वर कोणी नसेल तर त्याला कळू दे. मग उतरायचं का नाही ते तो बघेल." त्यांनी चष्मा घातला आणि खिडकीकडे वळले. त्यानंतर दिवे लावायच्या वेळेपर्यंत ते तसेच बसून होते, आणि मधूनमधून हं म्हणत होतेच. सांगून टाकलं म्हणून काही सुटत नसतं. फक्त आई त्या दिवशी भाजी चिरताना माहेरी गेली नाही.

मी प्रोग्रॅमरला फोन केला आणि दोन गोष्टी करायला सांगितल्या. हं काढून टाकायचा. आणि काम उघडायच्या आधी पडदा विचारेल, वर कोण आहे. नाव घातल्याशिवाय काम उघडणार नाही. "साहेब मला कच्चा खातील, ताई," तो म्हणाला. मी म्हटलं, माझं नाव सांग. त्यानं केलं, बरं वाटून केलं असावं, कारण माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर केलं. सोमवारी त्याच इमारतीत तळमजल्यावर लिफ्टच्या दारापाशी सगळे जमले: कंपनीचे दोघं, इस्त्रीच्या शर्टातला उद्या, मेकॅनिक. मेकॅनिकनं फोन उघडला आणि थांबला. "नाव मागतोय," तो म्हणाला. "वरच्याचं. कोणाचं घालू?" उद्यानं मला कोपऱ्यात घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. "हे काय चाललंय? आत्ताच्या आत्ता काढा ते." "काढते," मी म्हणाले. "मग फोन गप्प राहील. मेकॅनिकला विचारा, उतरतो का." विचारायची वेळ आली नाही. मेकॅनिकनं ऐकलं होतं. त्यानं हाताची घडी घातली आणि कोणावरही न रागावता म्हणाला, "वर कोणी नाही हे माहीत असताना कोण उतरेल? मागच्या खेपेला मला वाटलं होतं, कोणीतरी आहे." कंपनीचे दोघं एकमेकांकडे न बघता लिफ्टच्या बटणाकडे बघत राहिले. शेवटी त्यांतला वयानं मोठा होता तो म्हणाला की बाकीचं नंतर बसून बोलू, आज काम तर दाखवा. उद्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजच्यापुरतं तुमचं नाव घाला."

मी जिना चढून वर गेले. मशीन रूममध्ये तोच वास होता. मेन स्विचचा दांडा माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होता. मी त्याच्यावर हात ठेवला आणि कान भोकाकडे केला. "वर कोण?" खालून आलं. "मी," मी म्हणाले. "बरं," मेकॅनिक म्हणाला आणि बोलायला लागला. त्याच्या सासऱ्यांनी नवी कवळी केली होती. हं, मी म्हणाले. माझा पहिला हं फाटकाच निघाला. कवळी बसेना, तर सासरे म्हणाले दात बरोबर आहेत, तोंडच चुकलंय. हं. मला हसू यायला हवं होतं, पण मी हसले असते तर त्याचा पुढचा शब्द निसटला असता. घाम कानशिलावरून गळ्यात उतरत होता. नुसतं ऐकणं इतकं अंगमेहनतीचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कवळी सासरे आता खिशात घेऊन फिरतात, तो सांगत होता, आणि परवा एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी ती काढून

आणि पुढं काही आलं नाही. दोर स्थिर होते. पंख्याची घरघर येत होती. मला हं म्हणायचा होता. तो जिभेवर येऊन बसला होता, आयता, ऊबदार. एकदाच म्हटला की पुढचं वाक्य येईल, सासरे येतील, कवळी येईल, काही झालेलं नसेल. बाबा तिथं किती वेळ उभे राहिले असतील ते मला कळलं, मिनिटांत नाही, पण कळलं. त्यांचा मला एवढासाही राग आला नाही. मी दातांवर दात घट्ट दाबले आणि दांडा खाली ओढला. पंखा थांबला. भोकातून वर येणारा उजेड गेला. खाली पूर्ण शांतता झाली, आणि त्या शांततेत मला कोणाचाच श्वास ऐकू येईना, माझासुद्धा.

"अहो बाई," खालून आवाज आला, वैतागलेला. "लाइट का घालवलीत?"

मी खाली बसले. "गप्प का झालात?"

"स्क्रू धरला होता तोंडात. दोन्ही हात गुंतलेत ना."

"मग काढा तो तोंडातून," मी म्हणाले, "आणि बोला."

तो काहीतरी पुटपुटला. मग काळोखातच त्यानं पुन्हा सासऱ्यांना पंगतीत बसवलं आणि त्यांच्या खिशातून कवळी काढली. दांडा वर करायला मला अजून धीर होत नव्हता. मी भोकापाशी बसून त्याचं एकेक वाक्य पुरतं ऐकत होते, आणि ते संपलं की हं म्हणत होते.